सैल पट्ट्यावरचे गाणे

मित्रांनो, मी एक जुनी, काळी, गाण्यांची तबकडी आहे. माझे बहुतेक आयुष्य गोंधळात गेले. तो गोंधळ तुमच्यापुढे मांडला तर तुमच्यापैकी कुणाला तरी तो सुटेल, या आशेने हे सांगते आहे.

पहिला गोंधळ असा, की मला माझेच गाणे ऐकू येत नाही. सुई टेकते तेव्हा तिच्या टोकाखालची तेवढी जागा मला कळते. तिथे माझी खाच किंचित डावीकडे वळलेली असते, पुढच्या क्षणी किंचित उजवीकडे. अशा असंख्य बारीक वळणांचे मिळून गाणे होते, असे मी ऐकून आहे. पण ते होते खोलीतल्या हवेत आणि माणसांच्या कानांत. माझ्याकडे नुसती वळणे. खोलीतले बोलणे मात्र मला स्पष्ट ऐकू येते; पण सुई टेकलेली असताना कुणी बरोबर गायले, तर ते सूर तिच्या खरखरीत बुडून जातात. त्यामुळे माझ्या पोटात काय आहे, हे मला नेहमी दुसऱ्यांच्या तोंडूनच कळत आले.

जन्माला आले तेव्हा मी प्लास्टिकचा एक तापलेला गोळा होते. मला दोन गोल साच्यांमध्ये धरून दाबले. आधी वाफ दिली, मग गार पाणी. दोन्ही अंगांवर खाचा उमटल्या. तिथे तपासणीवर एक बाई होती. ढिगातून एखादी तबकडी उचलून ती अथपासून इतिपर्यंत ऐकायची. त्या दिवशी तिने मला उचलले.

"कशी आहे?" शेजारणीने विचारले.

"चांगली आहे. जीव नकोसा होतो," ती म्हणाली, आणि तिने मला पास झालेल्यांच्या ढिगात ठेवले.

मी तेव्हाच बुचकळ्यात पडले. जीव नकोसा करणारी वस्तू पास कशी होते?

मला जे पाकीट मिळाले त्यावर मोकळ्या माळावरच्या एका रिकाम्या खुर्चीचे चित्र होते. गाणाऱ्याचा फोटो नव्हता. मागच्या बाजूला गाणी छापली होती. एका गाण्यात माणूस भावाच्या घरी जातो, तर दाराला दुसराच रंग आणि आत दुसरीच माणसे. एका गाण्यात बस ज्या थांब्यावर थांबायची बंद झाली आहे, तिथेच एक जण कपड्यांची पेटी घेऊन उभा राहतो. साथीला साधी गिटार, बँजो, आणि मांडीवर आडवी ठेवून वाजवायची पोलादी गिटार. ही शेवटची गिटार हुंदका दिल्यासारखी वाजते, असे सगळेच म्हणतात. मला ते फक्त जरा लांबट वळण वाटते.

दुकानात माझी वेगळीच पंचाईत झाली. मला कंट्रीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या गाण्यांच्या खणात ठेवले, तर गिऱ्हाईक म्हणे, "ह्यात ठेका कुठाय?" फोकच्या, म्हणजे लोकगीतांच्या खणात ठेवले, तर दुसरे म्हणे, "ह्यात ही विजेवरची पोलादी गिटार कशाला घुसवलीय?" शेवटी दुकानदाराने कंटाळून 'इतर' असा एक खण केला. त्यात मी, पक्ष्यांच्या आवाजांची एक तबकडी आणि टंकलेखन शिकवणारी एक तबकडी, अशा तिघी होतो. पक्ष्यांची तबकडी विकली गेली. टंकलेखनवालीसुद्धा गेली.

मग एके दिवशी एक उंच बाई आली. शहराच्या मोठ्या बसस्थानकावर ध्वनिक्षेपकावरून घोषणा करण्याचे तिचे काम. कुठली बस कुठल्या फलाटावर लागली आहे, कुठली सुटते आहे, हे सगळे शहर तिच्या तोंडून ऐकायचे. दुकानातले हेडफोन कानाला लावून तिने माझी एक बाजू ऐकली. ऐकताना तिचे डोळे भरून आले. मला वाटले, झाले, ही आता मला परत खणात टाकणार. तिने नाक पुसले आणि दुकानदाराला म्हणाली, "पिशवी द्या हो. आणि दुमडू नका पाकीट." जाताना ती चक्क हसत होती.

ती थोरली बहीण. तिच्या धाकट्या भावाचे घर खाली आणि तिची एक खोली वरच्या मजल्यावर. भाऊ तिला अक्का म्हणायचा, म्हणून मीही अक्काच म्हणते. रेकॉर्ड प्लेअर भावाकडे होता, त्यामुळे माझा मुक्काम खालीच पडला, त्याच्या कामाच्या खोलीत.

भाऊ कवळ्या बनवायचा, म्हणून सगळे त्याला कवळीवाले म्हणत. दातांचे डॉक्टर रोग्याच्या हिरड्यांचे माप मऊ लगद्यात घेऊन त्याच्याकडे पाठवत. त्या मापात हा प्लॅस्टर ओतायचा, ते घट्ट झाले की मापातून हिरडीचा साचा सोडवायचा, आणि त्या साच्यावर कवळी घडवायचा. भिंतीभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर माणसांच्या पांढऱ्या हिरड्या ओळीने मांडलेल्या. मी प्रथम पाहिले तेव्हा दचकलेच.

आता या खोलीची एक पद्धत सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावरच आहे. कवळीवाले घड्याळ बघत नसत. प्लॅस्टर ओतले की ते पांढऱ्या हातांनीच मला लावत. माझी पहिली बाजू संपली की मला उलटत. दुसरी बाजू संपली की साचा सोडवायला घेत. वर्षानुवर्षे हेच. मापाचा लगदा प्लॅस्टरवरून सोलताना फाटतो, म्हणून एक माप एकदाच वापरता येते. हात अचूकच पडायला हवा, आणि तो पडत असे. माझ्या कडेवर प्लॅस्टरचे दोन-तीन ठिपके आहेत ते तेव्हाचे.

टपाल द्यायला येणारे काका एकदा दारात उभे राहून म्हणाले, "अहो, रोज काय हे रडगाणं? काहीतरी उडतं लावा की."

"उडतं लावलं की हात उडतो," कवळीवाले म्हणाले. "मग लोक चावतात जीभ आणि शिव्या खातो मी."

"पण मन उदास नाही होत?"

"होतं ना. काम संपलं की जातं."

टपालवाले काका मान हलवत गेले. मीही मनात मान हलवली. मला काहीच उमगले नव्हते.

सुट्टीच्या दिवशी अक्का खाली येई. खुर्चीत बसून ती माझ्याबरोबर गायची, भाऊ खालचा सूर धरायचा. अक्काचा आवाज भरदार आणि खालच्या पट्टीतला, असे भाऊ म्हणायचा. थांब्यावरचे गाणे आले की ती दर वेळी मध्येच थांबून म्हणे, "ह्याला कुणी सांगत का नाही, बाबा रे, थांबा हलवलाय?" आणि दर वेळी दोघे नव्याने ऐकल्यासारखे हसत. दुःखाच्या गाण्यात हसायची जागा त्यांनी कुठून शोधली, कोण जाणे.

कवळीवाल्यांची मुलगी परगावी विज्ञान शिकत होती. लहानपणापासून प्रत्येक गोष्टीला "का" विचारायची, म्हणून घरात तिचे नाव प्रोफेसर. तिने एकदा आत्याला विचारले, "आत्या, रडायला येतं तर ऐकतेस का?"

अक्का जरा विचार करून म्हणाली, "दिवसभर मी लोकांना सांगते, बस कुठे लागली, कुठे जाणार, कधी सुटणार. सगळं पक्कं. हा म्हातारा म्हणतो, मला कुठे जायचंय तेच ठाऊक नाही. कुणीतरी ते बोलून टाकलं की बरं वाटतं बघ."

म्हातारा! माझ्या पोटात एक म्हातारा आहे, हे मला तेव्हा कळले. त्या घरात सगळे त्याला म्हातारा म्हणत. आवाज जड, थकलेला, शब्दाशब्दाला श्वास घेणारा. मीही ते धरून चालले.

पुढे अक्काच्या हिरड्यांना आजार झाला. एकेक करून तिचे सगळे दात काढावे लागले. हिरड्या भरून येईपर्यंत कवळी बसवता येत नाही, म्हणून तिने रजा घेतली. ती तोंडापुढे रुमाल धरून बोलू लागली, नंतर बोलायचीच कमी झाली. खाली आली तरी नुसती ऐकत बसे. थांब्यावरच्या गाण्यालाही गप्प. कवळीवाले एकटेच खालचा सूर धरून बसत, आणि वरचा सूर नसल्यावर खालचा किती विचित्र वाटतो, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसे.

बसस्थानकातून निरोप आला. अक्का रजा संपल्यावर हजर होणार नसतील, तर घोषणांसाठी यंत्र बसवायचे आहे.

"बसवा म्हणावं," अक्का रुमालाआडून म्हणाली. "यंत्राला दात लागत नाहीत."

"अक्का, कवळी मी करतोय ना?" कवळीवाले म्हणाले. "साऱ्या गावाला चावायला लावलं, तुला बोलायला नाही लावणार?"

"बघू," ती म्हणाली. त्या एका शब्दात किती कमी विश्वास होता, ते मलासुद्धा कळले.

प्रोफेसर याच सुमारास पदवी घेऊन घरी परतली. तिने मला ऐकले आणि तिच्या कपाळाला आठी पडली. माझ्या मधोमध चिकटवलेल्या गोल कागदावर प्रत्येक गाण्याची लांबी छापलेली आहे. तिने हातातले घड्याळ लावून पडताळले. प्रत्येक गाणे छापल्यापेक्षा जास्त वेळ घेत होते. तिने प्लेअरची थाळी उचलून आत पाहिले. मोटरीवरून थाळीला फिरवणारा रबरी पट्टा जुना होऊन सैल पडला होता. तो घसरत होता, थाळी हळू फिरत होती, आणि थाळीबरोबर मीही. चाल हळू झाली की सूरही खाली उतरतो, हे तिला पुस्तकातून ठाऊक होते.

हिरड्या भरल्यावर आत्याचे माप घ्यायचे ठरले, त्याच्या आदल्या रात्री तिने कुणालाही न सांगता नवा पट्टा आणून बसवला आणि जुना कचऱ्यात टाकला. आत्याच्या मापाच्या दिवशी सगळ्यांना चकित करायचे, असा तिचा बेत होता.

त्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी अक्काचे माप घेतले. तो लगदा तोंडभर धरून ठेवताना तिला ओकाऱ्या आल्या होत्या, नुकत्याच भरलेल्या हिरड्या दुखावल्या होत्या. ती घरी आली तीच पांढरीफटक. भावाने ओलसर फडक्यात गुंडाळलेले माप घाईघाईने आणून त्यात प्लॅस्टर ओतले, आणि मला लावले. अक्का खुर्चीत बसली. प्रोफेसर दाराशी उभी राहून एकेकाचा चेहरा बघू लागली.

माझे म्हणाल तर मी नेहमीपेक्षा जोरात फिरत होते आणि वळणे सुईखालून भराभर जात होती. बाकी मला काही कळले नाही.

कवळीवाले म्हणाले, "आज म्हातारा जेवून आलाय वाटतं."

अक्काने रुमाल खाली घेतला. "हा कोण गातोय?"

"तोच आहे, आत्या," प्रोफेसर आनंदाने म्हणाली. "पट्टा सैल होता. हा त्याचा खरा आवाज."

"हा तर पोरगा आहे."

"असेल. पंचविशीतला वगैरे."

"इतकी वर्षं मी म्हातारा समजून ह्याच्यासाठी जीव टाकत होते," अक्का म्हणाली. तिने ओठांतल्या ओठांत सूर लावून पाहिला. पण पोराचा सूर तिच्या पट्टीच्या वर निघून गेला. तिने रुमाल पुन्हा तोंडापुढे धरला.

दुसरी बाजू संपली. कवळीवाल्यांनी सवयीने माप उचलले आणि साचा सोडवायला घेतला. पुढच्या दातांच्या जागची कड कच्च्या खडूसारखी तुटून लगद्यातच राहिली. त्यांनी तुकडा काढायला जाताच लगदाही फाटला.

फळ्यांवरच्या सगळ्या हिरड्या वाकून बघत होत्या, असे मला वाटले.

"म्हणजे पुन्हा?" अक्काने विचारले.

"पुन्हा माप घ्यावं लागेल, अक्का."

"नाही," ती म्हणाली. "आता नाही. बसवू देत यंत्र." आणि जिना चढून गेली.

मित्रांनो, त्या संध्याकाळी माझी मती गुंग झाली. जी मुलगी मला दुरुस्त करते, तिच्याच हातून साचा तुटतो. मी बरोबर वाजले, तर सगळे बिघडले. आणि इतकी वर्षे चुकीची वाजत होते, तेव्हा सगळे सुरळीत होते. मग मी बरोबर म्हणजे नक्की कशी?

प्रोफेसरही चक्रावली होती, पण ती गप्प बसणारी नव्हती. तिने प्लॅस्टरचे लहान लहान गोळे केले, काही नळाच्या गार पाण्यात, काही कोमट पाण्यात, आणि थांबून थांबून प्रत्येकात नख रोवून पाहिले. हवा गारठली होती, त्यामुळे प्लॅस्टर उशिरा घट्ट होत होते. आणि मी लवकर संपले होते. दोन्ही कारणे एकाच दिवशी भेटली होती.

"मग चूक कुणाची?" वडिलांनी विचारले.

"नक्की नाही सांगता येत. थोडी थंडीची, थोडी पट्ट्याची. पट्ट्याची म्हणजे माझी."

"आणि घड्याळ न बघणाऱ्याची?"

"ते मी म्हणणार नव्हते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने आत्याला हाताला धरून खाली आणले. स्वतः खुर्चीत बसली, गळ्याभोवती पंचा बांधला आणि वडिलांना म्हणाली, "माझं माप घ्या."

"तुझे दात शाबूत आहेत की."

"घ्या तरी."

कवळीवाल्यांनी लगदा कालवून तिच्या तोंडात धरला. क्षणात तिचे डोळे बाहेर आले, नाकाला पाणी, हनुवटीवरून लाळ, आणि पाय खुर्चीखाली सायकल चालवल्यासारखे. "हलू नकोस, प्रोफेसर," वडील म्हणाले. तिने लगद्यातून काहीतरी उत्तर दिले, ते कुणालाच कळले नाही.

अक्का रुमालात तोंड दाबून हसू लागली. मग रुमाल मांडीवर पडला आणि तिला त्याचे भान राहिले नाही. इतक्या दिवसांनी मी तिचे तोंड उघडे पाहिले.

"पुरे झालं नाटक," ती डोळे पुसत म्हणाली. "उद्या जाते डॉक्टरकडे. पण त्या पोरट्याला आधी बंद करा. त्याच्या नादाने काही ओतू नका."

तो साचा कोमट पाण्यात, घड्याळ समोर ठेवून झाला. मला पाकिटात घालून फळीवर उभे केले होते. कामाच्या वेळी मी फळीवर, असे प्रथमच घडत होते. कवळी घडत गेली. मेणात दात बसले, डॉक्टरांकडे जाऊन आले, एक दात किंचित आत घेतला गेला. मी पाकिटाच्या फटीतून बघत राहिले. आपली गरज संपली, असे मला वाटू लागले.

कवळी बसवली त्या दिवशी अक्का याच खोलीत आरशापुढे उभी राहिली. ओठ मिटले, उघडले.

"बोल काहीतरी, अक्का. स येतोय का बघ."

अक्काने घसा साफ केला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सहा नंबर फलाटावरची साडेसातची बस सुटण्याच्या तयारीत आहे." प्रत्येक स बरोबर एक बारीक शीळ निघत होती.

"बस सुटण्याआधीच शिट्टी," कवळीवाले म्हणाले. "थांब, मागून जरा घासतो."

घासून पुन्हा लावली. शीळ अर्धी उरली. प्रोफेसरने मला पाकिटातून काढले. "आत्या, लावू?"

अक्का माझ्याकडे बघत राहिली. "नको. त्याच्या पट्टीत मला जमायचं नाही. जुना पट्टा कुठाय?"

"टाकला," प्रोफेसर अगदी लहान आवाजात म्हणाली.

"बरं," अक्का म्हणाली, आणि डोळे मिटून तिने स्वतःच सूर लावला. सावकाश. जड. शब्दाशब्दाला श्वास घेत. पुढच्याच ओळीला शीळ वाजली, ती थांबली, जीभ कवळीवरून फिरवली आणि पुन्हा सुरुवातीपासून गाऊ लागली. ते थांब्यावरचे गाणे होते. भावाने खालचा सूर धरला. रात्रपाळी करून झोपलेली प्रोफेसरची आई उठून दाराशी आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली.

मित्रांनो, मी प्रोफेसरच्या हातात होते. माझ्यावर सुई नव्हती. म्हणून जन्मात प्रथमच मला माझे गाणे ऐकू आले. पेटी घेऊन उभा असलेला तो माणूस, न येणारी बस, आणि तो लांबट हुंदका, जो अक्काने तोंडानेच काढला. मला खूप वाईट वाटले, आणि ते संपू नये असेही वाटले. दोन्ही एकाच वेळी. हे कसे होते, ते मला अजून सांगता येत नाही. तपासणीवरच्या त्या बाईलाही बहुधा सांगता आले नसते.

गाणे संपल्यावर प्रोफेसर म्हणाली, "आत्या, मी तसाच जुना पट्टा शोधते. किंवा दुसरं काहीतरी करून थाळी हळू करते. तुझा म्हातारा परत आणते."

"शोधायचं काय त्यात?" अक्का म्हणाली. "म्हातारा कुठे गेलाय? माझ्याकडेच आहे की."

पुढच्या आठवड्यात ती कामावर हजर झाली. टपालवाले काका सांगत होते, बसस्थानकावर तिच्या घोषणेत अजून एखादा स शीळ घालतो आणि लोक मान वर करून हसतात. यंत्र खोक्यातच पडून आहे म्हणे.

मी आता नव्या पट्ट्यावर, छापल्याबरहुकूम वाजते. कवळीवाले अजूनही माझ्याच गाण्यांवर प्लॅस्टरची वेळ मोजतात. दुसरी बाजू संपली की मला उलटून पहिल्या बाजूचे पहिले गाणे पुन्हा लावतात आणि मगच साचा सोडवतात. प्रोफेसर म्हणते, "भिंतीवर घड्याळ आहे, बाबा." ते म्हणतात, "ते गात नाही." सुट्टीच्या दिवशी मात्र मी पाकिटात असते आणि खोलीत अक्का गाते. त्या दिवसाची मी वाट बघते.

तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर तिला आडवी टाकून तिच्यावर ओझे ठेवू नका, ती वाकते. उन्हात ठेवू नका. खाचांवर बोट लावू नका. धूळ पुसायची तर मऊ फडक्याने, खाचांच्या दिशेने, गोल पुसा. एखादी जुनी वस्तू सैल वाटली तर खुशाल दुरुस्त करा. दुरुस्ती वाईट नाही, नाहीतर माझ्या पोटातल्या त्या तरुणाला कुणी कधी ओळखलेच नसते. फक्त जुना पट्टा कचऱ्यात टाकण्याआधी घरात एकदा विचारा, ह्याच्यावर कोण गात होते?

मी तरुणाचे गाणे आहे की म्हाताऱ्याचे, ते मला अजूनही ठरवता आलेले नाही. वर जिन्यावर अक्काची पावले वाजत आहेत. आज सुट्टी आहे.